म्हातारा बैल कुणी पोसायचा?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

पोळ्याच्या आठवड्यात तुमच्या पेपरात वाचकांच्या पत्रांमधे एका गृहस्थांचं पत्र आलं होतं की आजकालची शेतकऱ्यांची पोरं बापानं जीव लावलेले बैल म्हातारे झाले की व्यापाऱ्याच्या पिकअपमधे घालतात, पोळ्याला पुरणपोळी चारायची अन् दुसऱ्या आठवड्यात बाजार दाखवायचा, यांना लाज राहिली नाही. ते पत्र माझ्या सासऱ्यांनी मोठ्यानं वाचून दाखवलं आणि म्हणाले बघा, बरोबर लिहिलंय. आमचे मालक हातातला चहा तसाच ठेवून उठून गेले. मग संध्याकाळी घरात परत तेच भांडण, जे मागच्या दोन-तीन वर्षांपासून चालू आहे. मला त्या गृहस्थांचा राग नाही, त्यांनी जिव्हाळ्यानंच लिहिलं असेल, पण ज्या घरात हे होतं त्या घरातल्या कुणीतरी लिहायला पाहिजे म्हणून मी लिहितेय, आणि ज्या घरात रोज शेण काढावं लागतं त्या बाईनं लिहिलेलं जास्त बरं.

आमचं गाव लोहा तालुक्यात, नांदेड जिल्हा. पाच एकर कोरडवाहू. सासऱ्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो. दादांनी माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेतून लाल कंधारी जातीची दोन आदत (दुधाच्या दाताची) खोंडं आणली होती, मी तेव्हा लग्न होऊन नवीनच आले होते, एकाचं नाव हरण्या आणि दुसऱ्याचं सोन्या. आमच्या भागात लाल कंधारीचं काय कौतुक असतं ते बाहेरच्यांना सांगून कळायचं नाही, रंग असा की पावसात भिजला की गर्द लाल दिसतो, अंगानं मध्यम पण चिवट, उन्हाळ्यात कमी वैरणीवर पण टिकून राहतो. त्या जोडीवर आमचं घर चाललं हे मी लिहिलं तर जास्तीचं वाटेल पण खरं आहे, नणंदेचं लग्न, विहिरीचं खोदकाम, भाऊजींचं आयटीआय सगळं त्याच जोडीच्या औतावर झालं, स्वतःचं वावर झालं की दादा दुसऱ्याच्या वावरात भाड्यानं औत हाणायचे.

२०२२ साली जनावरांत लम्पी हा अंगावर गाठी येणारा रोग आला त्यात हरण्या गेला. तेव्हा आमचे मालक, ज्यांना आज सगळे दगडाच्या काळजाचा म्हणतात, ते सलग कितीतरी रात्री गोठ्यात झोपले होते, कडुलिंबाचा पाला उकळून त्या गाठी धुवायचे, हळद लावायचे, धूर करायचे, तोंडात पाणी सोडायचे. हरण्या गेल्यावर सरकारनं मदत दिली, बैलाला २५ हजार होती, गाईला ३० आणि वासराला १६, ते पैसे आम्हाला मिळाले, मी खोटं बोलणार नाही. पण एकटा बैल म्हणजे काहीच नसतं साहेब. जोडीतला एक गेला की दुसऱ्याला दुसऱ्या कुणाबरोबर जुंपावं तर उंची जुळत नाही, चाल जुळत नाही, आणि सोन्याचं वय तोपर्यंत झालेलंच होतं. सावडीनं, म्हणजे एकमेकांच्या कामाला बैल देऊन, कुणाच्या एकट्या बैलाबरोबर जुंपून बघितला, दोन तासातच बसला. तेव्हापासून सोन्या दावणीला आहे आणि वावरात ट्रॅक्टर येतो.

आज त्याचं वय अठराच्या पुढं आहे. पुढचे दात झिजून गेलेत त्यामुळं अख्खी पेंढी टाकली तर नुसती चघळतो आणि खाली टाकतो. मी कडबा बारीक तोडते, रात्रीच टोपल्यात भिजू घालते, सकाळी त्यात मीठ आणि मूठभर पीठ किंवा सरकी पेंड असली तर पेंड कालवते, तेव्हा कुठं अर्धं पोटात जातं. थंडीत त्याला स्वतःहून उठता येत नाही, पोटाखालून पोतं घालून दोन्हीकडून दोघांनी उचलावं लागतं आणि शेपटीकडून तिसरा माणूस लागतो, आणि घरात सकाळी सहा वाजता तिसरा माणूस म्हणजे मीच. खांद्यावर जुवाचा घट्टा आहे तो आता नुसता केस गेलेला टणक चामड्याचा तुकडा राहिलाय, पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदमळणीला दादा त्याच्यावर लोणी-हळद लावतात आणि त्याच्या कानाशी म्हणतात, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. दादांची बोटं त्या घट्ट्यावर किती वेळ फिरतात ते बघितलं की मग मी त्यांच्याशी वाद घालू शकत नाही.

आता भांडण काय आहे ते लिहिते.

आमचे मालक म्हणतात की हिशोब करा. आमच्याकडं मागच्या उन्हाळ्यात कडब्याचा शेकडा अडीच हजाराला होता, म्हणजे पंचवीस रुपयाला एक पेंढी, दिवसाला चार पेंढ्या म्हटल्या तरी शंभर रुपये, महिन्याला तीन हजार, वर्षाला छत्तीस हजार. सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता त्या वर्षी आम्ही माल चार हजाराच्या आसपास दिला, म्हणजे नऊ क्विंटल सोयाबीन नुसतं सोन्या खातो, आमच्या वावरात एकरी सहा-सात क्विंटल निघतं, म्हणजे एका एकराच्या वर त्याच्यासाठी पेरायचं. कुणी म्हणेल की कडबा घरचा नाही का, तर नाही. पूर्वी ज्वारी होती तेव्हा कडबा घरचा होता, गंजी लागायची, आता सगळं शिवार सोयाबीनचं झालं, त्याचं भुसकट पडतं ते जनावर नीट खात नाही आणि सोन्याला तर चावतच नाही. ज्वारी का सोडली तर पाखरं राखायला माणूस नाही, काढायला मजूर नाही, भाव नाही. म्हणजे बैल गेले म्हणून ज्वारी गेली का ज्वारी गेली म्हणून बैल गेले हे आता कुणाला सांगता यायचं नाही, पण दोन्ही बरोबरच गेलं. आणि यंदा तर अतिवृष्टीनं होतं ते सोयाबीन पण पाण्यात उभं होतं. मोठ्या पोरीची नांदेडला कॉलेजची फी, सोसायटीचं कर्ज, हे सगळं मालकांच्या डोक्यावर आहे, दादांच्या नाही.

दादा म्हणतात हिशोब मला शिकवू नका.

दादांचं कारण मला फार उशिरा कळलं. ७२ च्या दुष्काळात दादा सोळा-सतरा वर्षांचे होते, तेव्हा घरात वैरण नव्हती आणि माणसांनाच खायला नव्हतं, सगळे खडी फोडायला जायचे आणि सुकडी खायचे, तेव्हा त्यांच्या वडलांनी जोडी विकायचं ठरवलं आणि बाजारात न्यायला दादांना पाठवलं कारण स्वतः जायची हिंमत झाली नाही. दादा दोन्ही कासरे हातात धरून चालत गेले. व्यापाऱ्यानं रुमालाखाली बोटं धरून भाव केला, दादांना तेव्हा ती बोटांची भाषा पण येत नव्हती, त्यांनी नुसती मान हलवली. बैल घेऊन गेले ते कुठं गेले हे त्यांना माहीत होतं. हे त्यांनी पन्नास वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं, मागच्या वर्षी भांडणात मालक बोलून गेले की तुमच्या वडलांनी पण विकलेच होते की, तेव्हा दादा म्हणाले, "विकले ना. म्हणून तर." पुढं काही बोलले नाहीत.

भाऊजी चाकणला कंपनीत आहेत. त्यांनी व्हिडिओ कॉलवर सांगितलं की भांडता कशाला, गोशाळेत देऊन टाका, तिथं बघतील, मी पैसे पाठवतो. हे सगळ्यांना पटलं, दादा पण कसेबसे तयार झाले, म्हणाले जिवंत राहील तर चालेल, मी महिन्याला भेटून येईन. म्हणून मालक आणि दादा जिल्ह्यातल्याच एका गोशाळेत बघायला गेले, मी पण गेले होते. तिथल्या माणसानं नीट सांगितलं, उद्धट नव्हता, की गाय असेल तर बघू, बैल नका आणू, जागा नाही, आणि अगदीच आणायचा असेल तर वैरणीसाठी अकरा हजार देणगी द्यावी लागेल आणि नंतर काय झालं ते विचारायचं नाही. विचारायचं नाही म्हणजे काय असं दादांनी दोनदा विचारलं. तो म्हणाला बाबा, म्हातारी जनावरं आहेत, मरतात.

गाय का चालते आणि बैल का नाही हे मला नंतर पोरीनं मोबाईलवर वाचून दाखवलं. ३० सप्टेंबर २०२४ ला सरकारनं देशी गाईला राज्यमाता-गोमाता जाहीर केलं आणि त्याच वेळी गोशाळेतल्या देशी गाईला दिवसाला ५० रुपये अनुदान ठरवलं, त्याला अटी आहेत, गोशाळेला तीन वर्षांचा अनुभव पाहिजे, कमीत कमी पन्नास जनावरं पाहिजेत, कानात बिल्ला पाहिजे. चांगली गोष्ट आहे, गाईला मिळावंच. पण त्यात सोन्या कुठंच नाही. आणि ज्या शेतकऱ्यानं आपल्या म्हाताऱ्या जनावराला घरच्याच दावणीला ठेवलंय तो तर अजिबातच कुठं नाही. म्हणजे मी माझी म्हातारी गाय घराबाहेर काढून गोशाळेत नेऊन बांधली तर तिच्यावर दिवसाला पन्नास रुपये मिळू शकतात पण त्याच गाईला मी माझ्या गोठ्यात नीट सांभाळलं तर एक रुपया नाही, आणि बैलाला तर दोन्हीकडं नाही. हे ज्यांनी ठरवलं त्यांनी एकदा आमच्या गोठ्यात येऊन मला समजावून सांगावं.

कायद्याचं मला जेवढं कळतं तेवढं लिहिते. गाईच्या कत्तलीवर १९७६ च्या कायद्यानं बंदी आली पण बैलाला तेव्हा सर्टिफिकेट होतं, कामाचा राहिला नाही असं अधिकाऱ्यानं लिहून दिलं की कापायला विकता यायचा. मग १९९५ ला दुरुस्ती झाली, ती वीस वर्षं दिल्लीत पडून होती, आणि २०१५ च्या मार्चपासून बैल आणि वळू पण त्यात आले. पाच वर्षांपर्यंत जेल आणि दहा हजारांपर्यंत दंड. आणि नुसता कापणारा नाही, कापायला जाणार हे माहीत असून विकणारा पण त्यात येतो. म्हणजे आमच्या घरातला माणूस पण.

हा कायदा असावा का नसावा यावर आमच्या घरातच दोन मतं आहेत. दादांना वाटतं की योग्य आहे. मालक म्हणतात की पूर्वी म्हाताऱ्या बैलाचे जे पैसे यायचे त्यात थोडे घालून नवं खोंड घरात यायचं, आता म्हातारा विकता येत नाही आणि नवा घेता येत नाही म्हणून गोठेच रिकामे झाले, आणि २०१२ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात गाय-बैल दीड कोटीच्या वर होते ते २०१९ ला एक कोटी चाळीस लाखांच्या आसपास आले हे त्यांच्या बाजूनंच बोलतं. मी म्हणेन की ट्रॅक्टर पण आहे त्यात, एकट्या कायद्यावर ढकलू नये. मला मोठमोठ्या वादात पडायचंच नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की बैल कापायचा नाही असं ज्यानं ठरवलं त्यानंच तो पोसायचा कुणी हे पण ठरवायला पाहिजे होतं. दहा वर्षं झाली, ते अजून ठरलेलं नाही, आणि ठरलेलं नाही म्हणून ते प्रत्येक घरात रोज संध्याकाळी बाप-लेकात ठरवलं जातंय.

आमच्या घरात एक दिवस फार वाईट गेला तो सांगते आणि मग मागणी लिहिते. दादा पेन्शनच्या कामानं लोह्याला बँकेत गेले होते. मालकांनी कुणाकडून तरी नंबर घेऊन एका दलालाला सोन्याचा फोटो पाठवला होता, तो दुपारी गाडी घेऊन आला. आठ हजार म्हणाला. मालकांनी विचारलं कुठं नेणार, तर म्हणाला तेलंगणात शेतीकामाला. मी गोठ्याच्या दारात उभी होते, मी म्हणलं दात बघितले का त्याचे, कोण जुंपणार त्याला. तो हसला नाही, रागावला पण नाही, म्हणाला ताई मला विचारू नका. मालकांनी दावं सोडलं. सोन्याला गाडीत चढता येईना, पुढचे पाय फळीवर ठेवले आणि मागचे उचलेनात, दलालानं शेपटी पिरगाळायला हात घातला तेव्हा मालक ओरडले हात लावू नको. आणि मग स्वतःच त्याच्या वशिंडावर हात ठेवून तसेच उभे राहिले. तेवढ्यात दादा आले, कारण बँकेत लिंक नव्हती. दादा ओरडले नाहीत. त्यांनी दलालाला विचारलं, कुणाच्या वावरात जाऊलाला हा? मला ते वावर दाखव, मी पण येतो बसून. दलाल गाडी घेऊन गेला. बाप-लेक चार दिवस एकमेकांशी बोलले नाहीत, ताटं वेगळ्या वेळेला वाढली.

बाहेरच्याला वाटेल की घरात बायका सगळ्या दादांच्या बाजूनं असतील. तसं नाहीये. सासूबाई त्या रात्री म्हणाल्या, द्या एकदाचा, जीव तुमचा लागतो त्याच्यावर, शेण मात्र आम्ही काढतो. त्या पन्नास वर्षं शेण काढताहेत, गुडघे गेलेत, त्यांनी हे म्हणायचा हक्क कमावलाय असं मला वाटतं. आणि रोज सकाळी पहिली भाकरी सोन्याला नेऊन देणाऱ्या पण त्याच आहेत, दादा नाहीत. माया म्हटलं की लोकांना मालकाचा हात पाठीवर फिरलेला दिसतो, पाण्याच्या बादल्या दिसत नाहीत. माझं स्वतःचं मत विचारलं तर मला सोन्या मरेपर्यंत घरात पाहिजे, पण माझ्या आणि सासूबाईंच्या फुकट कष्टावर नको, आणि पोरीच्या फीवर तर नकोच नको.

शेजारच्या गावात लोक काय करतात ते पण सांगते. रात्री दावं सोडून दहा किलोमीटरवरच्या शिवारात नेऊन सोडतात. मग ते जनावर दुसऱ्याच्या तुरीत शिरतं, काठ्या खातं, रोडवर ट्रकखाली येतं. ते सोडणारे लोक वाईट नाहीत, मी ओळखते त्यांना, एक विधवा बाई आहे, एक एकर जमीन, तिनं नवऱ्याचा बैल सोडला आणि आठ दिवसांनी तो परत चालत तिच्याच दारात आला. तिला तुम्ही कोणतं पत्र लिहून लाज आणणार आहात? तिच्याबाबतीत मला वाटतं की जुनं सर्टिफिकेट होतं तेच बरं होतं, हे दादांना आवडायचं नाही पण मी लिहिते. ज्याला पोसायचंय त्याला मदत द्या, आणि ती देणार नसाल तर ज्याला शक्यच नाही त्याला चोरासारखं वागायला लावू नका.

आणि बाजाराचं म्हणाल तर तोही पहिल्यासारखा राहिला नाही. २०२५ च्या जुलैपासून जनावरांचा व्यापार करणाऱ्या कुरेशी समाजानं जनावरं खरेदीच बंद ठेवली, का तर रस्त्यात गाड्या अडवतात, कागद असले तरी मारहाण होते, जनावर जप्त होतं. त्यांच्या पोटापाण्याचं पण आहे, त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण त्यानं झालं असं की नुसते म्हातारे नाही, चांगले कामाचे बैल आणि दुभती जनावरं पण आठवडी बाजारातून परत घरी येऊ लागली, कारण बाजारात घेणारा माणूस कमी झाला की सगळ्याच दावणीचा भाव पडतो.

आता मागणी. सरकारनं म्हाताऱ्या बैलाला त्याच्या मालकाच्याच गोठ्यात रोजचा चारा-भत्ता द्यावा. किती, तर शंभर रुपये. हा आकडा मी मनानं काढलेला नाही, २०१९ च्या दुष्काळात चारा छावणीत मोठ्या जनावराला सरकारच दिवसाला शंभर रुपये देत होतं, म्हणजे एका जनावराला जगायला एवढे लागतात हे सरकारनं एकदा मान्य केलेलं आहे, आणि तेव्हापासून कडबा स्वस्त झालेला नाही. पैसे कुणी खाईल म्हणाल तर सगळ्या जनावरांच्या कानात आता पिवळा बिल्ला आहे, त्यावर बारा आकडी नंबर आहे, त्याच्याशिवाय २०२४ च्या जूनपासून खरेदी-विक्री पण होत नाही. त्या नंबरवर मालकाचं नाव आहे, लसीकरण आहे, वय आहे. मग त्याच नंबरवर मालकाच्या खात्यात पैसे टाकायला काय अडचण आहे? गावचा पशुवैद्यकीय डॉक्टर लस टोचायला येतोच, त्यानं येताना बैल दावणीला आहे का एवढं बघून फोटो टाकावा. बैल मेला की भत्ता बंद. लम्पीत मेलेल्या बैलाला २५ हजार देता आले तर जिवंत बैलाला जगवायला का देता येत नाहीत.

खर्च फार होईल असं अधिकारी म्हणतील. तर अट घाला, पंधरा वर्षांच्या वरच्यालाच द्या, पाच एकराच्या आतल्यालाच द्या, एका घरात एकाच जनावराला द्या. एवढे म्हातारे बैल आता घरोघर राहिलेतच कुठं, आमच्या गावात पूर्वी पोळ्याला मारुतीच्या देवळापुढं बैलांची लग्नं लावताना मंगलाष्टकं संपायची पण जोड्या संपायच्या नाहीत, यंदा सगळ्या मिळून अकरा जोड्या होत्या आणि एकटा म्हणजे आमचा सोन्या. आणि गायरान. गावाचं गायरान होतं तिथं आता कुणाकुणाचं काय उभं आहे ते सगळ्या गावाला माहीत आहे, निदान दोन एकर ग्रामपंचायतीनं सोडवून तिथं चारा लावावा, बचत गटाला द्यावा, आम्ही बायका कापून आणू, मजुरी द्या फक्त.

शर्यतीच्या बैलासाठी राज्यानं २०१७ ला कायदा केला, सुप्रीम कोर्टात जाऊन भांडलं, २०२३ च्या मे महिन्यात ते जिंकले पण, बैल ही शेतकऱ्याची परंपरा आहे असं तेव्हा सगळ्या पक्षांचे पुढारी म्हणत होते. ती परंपरा बैल पळतो तोपर्यंतच आहे का? ज्यानं आयुष्यभर औत ओढलं तो पण त्याच परंपरेतला आहे, आणि त्याच्यासाठी भांडायला एकही वकील लावावा लागणार नाही, नुसता एक जीआर काढावा लागेल.

आज आमच्या घरात काय आहे ते लिहिते म्हणजे पत्र लिहिणाऱ्या त्या गृहस्थांना उत्तर मिळेल. सोन्या दावणीला आहे. भाऊजी दर महिन्याला पंधराशे पाठवतो म्हणालेत आणि या महिन्यात पाठवले पण. दादांनी त्यांच्या पेन्शनमधून पाचशे लावलेत आणि मालकांनी पुढच्या हंगामाला बांधाकडची वीस गुंठे ज्वारीला द्यायचं कबूल केलंय, पाखरं राखायला दादा बसणार. दादा आणि मालक बोलतात आता. शेण काढायची पाळी लावली आहे, एक दिवस आड मालक काढतात, ही माझी अट होती. हे किती दिवस चालेल ते कडब्याच्या भावावर आहे, कारण भाऊजींची कंपनी कंत्राटी आहे आणि दादांची औषधं पण सुरू झालीत. मे महिन्यात शेकडा तीन हजारावर गेला तर परत त्याच जागी येऊ.

तुमच्या पेपरात पोळ्याला पहिल्या पानावर सजवलेल्या बैलाचा रंगीत फोटो येतो, झूल, बाशिंग, शिंगांना हिंगूळ, छान असतो, दादा तो कापून ठेवतात. त्याच्याबरोबर एक बातमी म्हाताऱ्या बैलांची पण येऊ द्या, तुमच्या वार्ताहरांना तालुक्यात विचारायला लावा की पंधरा वर्षांच्या वरचे किती बैल बिल्ल्याच्या नोंदीत आहेत आणि त्यातले किती खरंच दावणीला आहेत. आकडा बाहेर आला की मग कुणाला लाज वाटायची ते वाटेल.

पत्र लांबलंय, जागा नसेल तर आमच्या घरातलं भांडण कापा, ते आमचं आम्ही बघू, पण गोठ्यातल्या बैलाला रोजचे शंभर रुपये आणि ते कानातल्या बिल्ल्याच्या नंबरवर द्यायचे एवढं राहू द्या. नाव छापू नका, दादा तुमचा पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात आणि गोशाळेतलं बोलणं मी सगळ्यांना सांगितलं हे त्यांना आवडायचं नाही.

आपली,
एक शेतकरी वाचक,
ता. लोहा, जि. नांदेड